पिशवी परत

स्कूटरच्या डिकीत एक पिशवी आहे. निघताना आईने हातात ठेवली. "नदीकडंच चाललास ना? मग हे जाता जाता पाण्यात सोड." आत आठवड्याचं निर्माल्य आणि संक्रांतीची पाच सुगडं. मी निघालोय नदी साफ करणारी पोरं बघायला, आणि डिकीत नदीत टाकायचा ऐवज! मिल कॉर्नरला येईस्तोवर ही गंमत माझ्या डोक्यात शिरत नाही. शिरते तेव्हा मी गाडी वळवतही नाही.

संक्रांतीनंतरचा रविवार आहे. सकाळचे पावणेसात. भडकल दरवाज्यावर कबुतरं अंग फुगवून बसलीत. घाटीच्या बाहेर फूटपाथवर माणसं अजून झोपलेली आहेत. जालना, बीड, परभणीकडून आजारी माणसासोबत आलेले हे नातेवाईक. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय म्हणजे अख्ख्या मराठवाड्याचं 'घाटी'. कुणाच्या अंगावर शाल आहे, कुणाच्या नुसतंच पोतं. चहाच्या पहिल्या गाडीवर स्टोव्ह फुरफुरतोय. पुढे पाणचक्की, तिला लागून महमूद दरवाजा आणि त्याच्या तोंडाशी खाम नदीवरचा पूल.

पुलावर चौदा-पंधरा मुलं-मुली उभ्या आहेत. बॅनर नाही. मला आधी तेच खटकतं. आमच्या शहरात तीन माणसांनी झाडू हातात घेतला की मागे फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवर झाडूपेक्षा मिशा जास्त दिसतात. इथे पुलाच्या कठड्याला नुसता एक पुठ्ठा सुतळीने बांधलाय. त्यावर मार्करने लिहिलंय: 'निर्माल्य आमच्याकडे द्या. पिशवी परत मिळेल.'

मी डिकीकडे न बघता गाडी स्टँडवर लावतो.

निम्म्याजणांच्या छातीला राष्ट्रीय सेवा योजनेचा बिल्ला आहे, कोणार्कच्या रथचक्राचा. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचं असतं आणि एकदा सात दिवसांचं शिबिर. आमच्या वेळी हे तास कसे भरायचे ते मला ठाऊक आहे. ग्राउंडवरचे दगड एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला लावायचे. पुढच्या वर्षीची तुकडी ते परत आणून ठेवायची.

"काका, बघायला आलात का कामाला?"

विचारणारी मुलगी जेमतेम पाच फूट आहे. पायात गमबूट, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, बगलेत लांब वही. किराणा दुकानात उधारीची असते तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची.

"दोन्ही," मी म्हणतो.

"मग हातमोजे घ्या. बघायचं साडेनऊनंतर."

खाली उतरायला पायवाट आहे, पण ती ओली. पाणी म्हणावं असं फार नाही. मधून एक काळपट धार चाललीय, दोन्ही बाजूंना गाळ आणि बेशरमाची झुडपं. वास पहिली दहा मिनिटं येतो, मग नाक हार मानतं. ही नदी जटवाड्याच्या डोंगरांकडून निघते, हर्सूलच्या तलावात थांबते, बेगमपुऱ्याच्या कडेने इथे येते, पुढे बारापुल्ला आणि छावणी करत खाली पैठणच्या अंगाला गोदावरीला मिळते. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली ती हिच्याच काठाने. शहराचं नाव खडकीपासून आजवर किती वेळा बदललं त्याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या पाटीवर ठेवावा, नदीला सगळे खामच म्हणत आले. आणि खाम म्हणजे नाला असंही सगळेच म्हणत आले, मीसुद्धा.

नाही म्हणायला गेल्या काही वर्षांत बरंच झालंय. 2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून खामचं काम हाती घेतलं. गाळ निघाला, काठ बांधले गेले, लोखंडी पुलाजवळ लोक संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. त्या कामाचं नाव वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या रॉस सेंटर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोचलं. तिथे मीही नातेवाइकांना घेऊन गेलोय, "बघा, आमची नदी" म्हणून. पण पुलाखालचा कोपरा हा पुलाखालचा कोपरा असतो. यंत्र एकदा येऊन जातं, पुलावरचा हात रोज येतो.

सुरुवात बाभळीपासून होते. संक्रांत होऊन गेलीय, त्यामुळे प्रत्येक बाभळीला मांजा गुंडाळलाय. हिरवा, गुलाबी, उन्हाची पहिली तिरीप पडली की चमकणारा. नायलॉनचा. एक उंच पोरगा बांबूला आकडी बांधून तो उतरवतोय. त्याचे मित्र खालून सूचना देतात.

"अरे उधर से नको, इधर से खींच."

"तू आ ना फिर उप्पर!"

एका फांदीला बगळ्याचा पाय लटकतोय. नुसता पाय. पोरगा थांबतो, आकडीने तेवढी फांदी मोडतो, आणि मांजा न सोडवता फांदीसकट पोत्यात टाकतो. कुणी काही बोलत नाही. वहीवाली विचारते, "पक्षी किती लिहू?" तो एक बोट वर करतो.

दोन तासांत मला या वहीचं वेड लागतं. प्रत्येक पोतं आधी दोन दांड्यांच्या मधल्या स्प्रिंगच्या काट्याला लटकवायचं, मग उलटं करून वेगळं काढायचं, मगच वहीत ओढायचं. रकाने तिने स्वतः आखलेत: दूधपिशव्या, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कॅरीबॅग, थर्माकोल, मांजा, कपडे, निर्माल्य. मी खाली बसून मागची पानं चाळतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या 2018 पासून बंद. नायलॉन मांजा हरित लवादाने 2017 मध्येच बंद केला. वहीतले भरगच्च रकाने बघावेत तर नेमके याच चार वस्तूंचे. बाजारात जे मिळत नाही ते सगळं नदीत मिळतं.

"हे कुठं देता?" मी विचारतो.

"पहिले द्यायचो, वॉर्ड ऑफिसात. आता बी देतो." ती वही बंद करते. "पण आमच्यासाठी लिहितो. मागच्या रविवारी किती होतं ते कळाया पाहिजे ना."

ती सिल्लोडकडची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मावशीकडे राहते. 2018 मध्ये नारेगावच्या लोकांनी तिथल्या कचरा डेपोवर येणाऱ्या गाड्या अडवल्या आणि अख्ख्या शहराचा कचरा रस्त्यावर आला, त्या उन्हाळ्यात ती मावशीकडे सुट्टीला आलेली होती. सहावी संपलेली. "घराच्या खाली कचरा पेटवायचे. रात्री खिडकी उघडता यायची नाही. मला वाटायचं शहर असंच असतंय." एवढं सांगून ती काट्याकडे जाते. मला ते दिवस चांगले आठवतात. त्या वेळी आम्ही वर्तमानपत्रांतून पत्रं लिहीत होतो.

आठच्या सुमाराला गादी सापडते.

आधी ती गादी आहे हे कळतच नाही. गाळातून नुसता एक निळा कोपरा वर आलाय. दोघं ओढतात, हलत नाही. चौघं येतात. मीही येतो. ओल्या कापसाचं वजन ज्याने उचललंय त्यालाच माहीत. हाताखाली ती पाणी सोडते आणि पुन्हा पिते. "हैय्या" म्हणत सहाजण तिला काठापर्यंत आणतात, तेव्हा तिच्यासोबत एक उशी येते, एक काठी येते आणि गाठोडं येतं. गाठोड्यात धोतर, दोन बंड्या, एक स्वेटर आणि चष्म्याची रिकामी डबी.

हसणं थांबतं. नव्यानेच आलेला एक मुलगा विचारतो, "चोरीचं असंल का?"

"नाही रे," वहीवाली म्हणते. "कुणाचे तरी आजोबा गेलेत."

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. ही रीत मलाही ठाऊक आहे. वडील गेले तेव्हा त्यांची गादी कुठे गेली हे मी विचारलं नव्हतं. काकांनी "व्यवस्था केली" एवढंच सांगितलं होतं. व्यवस्था म्हणजे बहुधा असाच एखादा पूल आणि रात्रीची वेळ. त्या वेळी नदीला पाणी असेल, नसेल. मी त्या निळ्या कोपऱ्याकडे बघत राहतो आणि ही पोरं माझ्याकडे बघत नाहीत याचं मला बरं वाटतं.

याच गाद्यांमधून त्यांचं दुसरं काम निघालंय. गेल्या हिवाळ्यात वहीत 'कपडे' हा रकाना इतका वाढला, की त्यांनी उलट हिशेब केला: नदीतून काढलेलं भिजकं अंथरूण कुणाच्याच कामाचं नाही, पण पुलावर यायच्या आधी तेच घरात कोरडं असतं. मग ते आपापल्या गल्ल्यांत सांगत सुटले. कुणी गेलं तर दहाव्या-तेराव्याच्या आत आम्हाला निरोप द्या, सामान आम्ही घेऊन जातो. पहिल्यांदा दोन घरांतून शिव्या मिळाल्या. एका घरात आजीने दार लावून घेतलं आणि चार दिवसांनी स्वतःच बोलावलं. आता घोंगड्या, चादरी, स्वेटर, वाकळा येतात. त्या धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून घाटीच्या बाहेर झोपणाऱ्यांना द्यायच्या. कॉलेजात या टोळीला 'गादीवाले' म्हणतात. कौतुकाने नाही.

"मेलेल्या माणसाचं आहे हे सांगता का त्यांना?" मी विचारतो.

यावरून त्यांच्यात भांडण झालेलं दिसतं, कारण तीन-चारजण एकदम बोलू लागतात. बांबूवाल्याचं म्हणणं, कशाला सांगायचं, थंडीत कुणाला पडलंय. वहीवालीचं म्हणणं, न सांगता देणं म्हणजे फसवणं. शेवटी सांगायचं ठरलं. पहिल्या रात्री परतूरकडच्या एका बाईंना सांगितलं, मावशी, ही ज्यांची होती ते आता नाहीत.

"मग?"

"त्यांनी विचारलं, धुतली का? हो म्हटलं. मग आण म्हणाल्या."

वर पुलावर दोघांचा पहारा आहे. दर अर्ध्या तासाने माणसं बदलतात. पहाऱ्याचे नियम त्यांनीच केलेत आणि ते मला फार शहाणे वाटतात. भाषण द्यायचं नाही. व्हिडिओ काढायचा नाही. 'तुम्हाला लाज वाटत नाही का' हे वाक्य तर अजिबात नाही. फक्त हात पुढे करून पिशवी मागायची. माझी पाळी येते तेव्हा माझ्यासोबत एक शांत, चष्मा लावणारी मुलगी आहे.

साडेआठला एक जोडपं स्कूटीवरून येतं. गृहस्थ गाडी न थांबवताच पिशवी भिरकावण्याच्या बेतात असतात, इतका सराईत हात.

"काका, द्या ना इकडं. आम्ही सोडतो."

ते थांबतात. "तुम्ही कोण? महापालिकेचे?"

"नाही, कॉलेजचे."

"मग? देवाचं आहे हे. कचऱ्यात टाकायचं का?"

"नाही काका. हे बघा, खड्डा केलाय तिकडं. फुलं मातीत जाणार."

"नदीत नाही सोडायचं तर हिंदूंनी करायचं काय?" आवाज चढलेला आहे. मागे बसलेल्या काकू त्यांच्या खांद्यावर बोट टेकवतात. मुलगी उत्तर देत नाही, हातही मागे घेत नाही. आणखी दोन दुचाकी थांबतात. मला वाटतं आता मी मध्ये पडावं, वयाचा मान वापरावा. तेवढ्यात काकूच नवऱ्याच्या हातातून पिशवी घेऊन तिच्याकडे देतात. मुलगी गाठ सोडते. झेंडू, शेवंती, कापसाच्या वाती, कापराची वेष्टनं, उदबत्तीचा खोका. फुलं टोपलीत, खोका पोत्यात. सगळं दोन मिनिटांत. मग ती रिकामी पिशवी झटकते, घडी घालते आणि काकांच्या हातात ठेवते.

काका त्या पिशवीकडे बघतात. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची पिशवी त्यांना परत दिलीय. ती खिशात घालावी की गाडीच्या हुकाला लावावी हे त्यांना कळत नाही. शेवटी काकूच ती पर्समध्ये टाकतात आणि गाडी निघते. पुठ्ठ्यावरच्या 'पिशवी परत' या दोन शब्दांत काय डाव आहे हे मला आत्ता कळतं.

खाली आणखी एक पिशवी सापडलीय. दुहेरी गाठ मारलेली, दगड बांधून सोडलेली. आत कागद आहेत, फाटकी पानं, अरबी अक्षरं. टोपी घातलेला एक सडपातळ मुलगा पुढे येतो. तो हातमोजे काढतो, बाटलीतल्या पाण्याने हात धुतो, खिशातला रुमाल पसरतो आणि एकेक पान उचलून त्यावर ठेवतो. जीर्ण पानं पायदळी जाऊ नयेत म्हणून लोक वाहत्या पाण्यात सोडतात. पाणी वाहत नाही हे कुणी बघत नाही. तो ती मशिदीत देणार, तिथून ती दफन होतात. त्याच्या शेजारी दुसरी एक मुलगी देवांच्या तसबिरींच्या काचा वेगळ्या करतेय. गणपती, तुळजाभवानी, रंग उडालेले साईबाबा. तिच्याही मांडीवर धुतलेलं फडकं आहे.

वहीत या दोन्हींसाठी एकच रकाना आहे. त्याचं नाव तिने ठेवलंय, 'आदराचं'. त्यात किलो लिहीत नाहीत.

सव्वानऊला भंगारवाले चाचा हातगाडी घेऊन येतात. बाटल्या, पुठ्ठा, लोखंड त्यांचं. कुरकुऱ्यांची चमकती पाकिटं ते दोन बोटांनी बाजूला करतात. "ये नक्को बेटा, इसका कुछ आता नई." मांजाही नको, थर्माकोलही नको. जे विकत नाही ते घंटागाडीत. आलेले पैसे काठावरच्या वस्तीतल्या मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला जातात: पेन्सिली, वह्या, आणि हल्ली गोष्टींची पुस्तकं. पुस्तकांची कल्पना उसनी आहे, हे ते मोकळेपणाने सांगतात. टाळेबंदीनंतर, जानेवारी 2021 मध्ये, याच शहरातल्या सहावीतल्या एका मुलीने वडिलांनी दिलेल्या पुस्तकांवर आपल्या मोहल्ल्यात बालवाचनालय सुरू केलं. बघता बघता अशी वाचनालयं वेगवेगळ्या मोहल्ल्यांत तीसच्या वर गेली. टोपीवाल्याची धाकटी बहीण त्यातल्याच एकाची सभासद. "वो मेरे से जादा पढती," तो म्हणतो आणि तक्रार केल्यासारखं तोंड करतो.

पलीकडे पाणचक्कीच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज ऐकू येतो. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इथे डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलं, ते उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवलं, आणि त्या जात्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, अनाथ पोरांसाठी पीठ दळलं जायचं. पर्यटक जातं बघतात, फोटो काढतात. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येताना पाहिलेला मी, मला ती खापरी नळांची गोष्ट दर वेळी जातं फिरण्याहून मोठी वाटते.

साडेनऊ. पोती टेम्पोत चढतात. खाली उभं राहून बघितलं तर कोपरा पूर्ण स्वच्छ झालाय असं मला म्हणवत नाही. धार काळीच आहे, वरून कुठून तरी सांडपाणी मिळतंच. बांबूवाला सांगतो, गेल्या पावसाळ्यात काठावर लावलेली रोपं एका रात्रीच्या पुरात गेली, तीन उरली. ती कुठली ते तो मला बोटाने दाखवतो. एक करंज, दोन कडुनिंब. गुडघ्याएवढे.

"या वर्षी सुगडं जमवायलोत," वहीवाली म्हणते. कठड्याच्या आडोशाला सुगडांची रांग लागलीय. काही कोरी, काहींवर हळदी-कुंकवाची बोटं, एकात अजून हरभऱ्याचे घाटे आणि बोरं. लोक वाण लुटून झालं की तीही पाण्यात सोडतात. "उन्हाळ्यात यांच्यात पाखरांना पाणी. जूनमध्ये खाली खिळ्यानं भोक पाडायचं आणि रोपं. आता कमी पडायलीत."

मी डिकी उघडतो.

ती पिशवीकडे बघते, मग माझ्याकडे. आईने दिली, मी सांगायला लागतो, आणि मला माझाच आवाज मघाच्या काकांसारखा ऐकू येतो. ती काहीच विचारत नाही. गाठ सोडते, फुलं टोपलीत ओतते, सुगडं एकेक करून रांगेत मांडते. मग वही मांडीवर घेऊन शेवटची ओळ लिहिते: निर्माल्य, एक पिशवी. सुगडं, पाच. पिशवी परत.